फोन हाताचा की डोळ्याचा?

फोनची स्क्रीन किती इंचांची असावी, हा वाद आता केवळ तरुणांच्या गप्पांचा राहिलेला नाही. दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत आपल्या बडोद्यातील कोणत्याही जुन्या मराठी घरात जा. नवा फोन घ्यावयाचा ठरला की घरात दोन पक्ष पडलेच म्हणून समजा. आजोबांना अक्षर मोठे हवे. सूनबाईंना एका हाताने धरता येईल असा हवा, कारण दुसऱ्या हातात भाजीची पिशवी किंवा मूल असते. नातवाला सिनेमा पाहावयाचा असतो, तेव्हा तो आजोबांच्या बाजूने मत देतो. अशा रीतीने बहुमत मोठ्या फोनाकडे जाते, आणि ज्या बाईच्या हातात तो दिवसभर राहावयाचा असतो तिचे मत एकटे पडते.

मी गाणे शिकविणारा माणूस. यंत्रांच्या बाबतीत माझा अधिकार तो काय, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे अगदीच गैर नाही. परंतु 'माप' या विषयाशी आमच्या धंद्याचा संबंध पिढीजात आहे. माझे वडील गायकवाडी दरबारच्या गवयांपैकी अगदी शेवटच्या पिढीतले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. कोणता तंबोरा कोणाच्या हाती द्यावा, याविषयी त्यांचे मत ठाम असे. शिवाय गेल्या काही वर्षांत माझी निम्मी शिकवणी या फोनच्या काचेतूनच चालते. २०२० च्या टाळेबंदीत जी सवय लागली ती पुरती सुटलेली नाही. पुण्यास, अहमदाबादेस किंवा परदेशी गेलेले विद्यार्थी आजही आठवड्यातून एकदा समोर बसतात ते या काचेतच. तेव्हा या वादात दोन शब्द बोलण्याचा हक्क मला आहे, असे मी समजतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याची स्क्रीन साडेतीन इंचांची होती. रुंदी ६१ मिलिमीटर आणि वजन १३५ ग्रॅम. तेव्हा ती मोठी वाटली होती! २०१० साली स्टीव्ह जॉब्झ यांनी, मुठीत न मावणारा फोन कोणी विकत घेणार नाही, अशा अर्थाचे जाहीर विधान केले. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट बाजारात आणला. कानाला पाटी लावल्यासारखे दिसते, अशी त्याची टवाळी झाली; पण तो खपला. २०१४ साली जॉब्झ यांच्याच कंपनीने, त्यांच्या पश्चात, ४.७ आणि ५.५ इंचांचे दोन फोन काढले. पुढे लहान फोनच्या चाहत्यांसाठी २०१६ साली चार इंचांचा आणि २०२० साली ५.४ इंचांचा 'मिनी' असे प्रयत्न तिने करून पाहिले. २०२१ साली मिनीची दुसरी आवृत्ती आली आणि २०२२ च्या नव्या फोनांत मिनीला जागाच उरली नाही, तिच्याऐवजी ६.७ इंचांचा 'प्लस' येऊन बसला. आज दुकानात जाऊन सहा इंचांखालचा नवा फोन मागावा, तर दुकानदार आपल्याकडे अशा नजरेने पाहतो की जणू आपण रॉकेलचा स्टोव्ह मागितला.

म्हणजे वाद संपला आणि मोठा पक्ष जिंकला, असे वरवर दिसते. पण माझे म्हणणे असे की हा वाद मुळात चुकीच्या मापाने चालला आहे.

इंच म्हणून जे सांगितले जाते ती स्क्रीनची लांबी नव्हे आणि रुंदीही नव्हे. तो तिचा कर्ण होय, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी रेघ. शाळेतील भूमिती ज्यांच्या लक्षात आहे त्यांना हे सांगावयास नको की कर्ण तोच ठेवून आकृती रुंद करता येते किंवा उभट करता येते. पूर्वी फोनच्या स्क्रीनचे प्रमाण १६ ला ९ असे. आता अनेक फोनांत ते १९.५ ला ९ च्या घरात गेले आहे, म्हणजे स्क्रीन उंच आणि सडपातळ झाली. गणित करून पाहा. जुन्या प्रमाणातील साडेपाच इंची स्क्रीन सुमारे २.७० इंच रुंद भरते. नव्या प्रमाणातील ५.८ इंची स्क्रीन भरते सुमारे २.४३ इंच. दोहोंचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, किंबहुना जुनीचे किंचित अधिकच. कागदावर इंच वाढले. प्रत्यक्षात पाव इंच रुंदी कमी झाली! अक्षरांची ओळ आडवी चालते, तेव्हा वाचणाऱ्याचे यात नुकसानच झाले.

याच्या उलटही उदाहरण आहे. २०१४ चा ५.५ इंची आयफोन ६ प्लस ७७.८ मिलिमीटर रुंद होता. २०२४ चा ६.९ इंची आयफोन १६ प्रो मॅक्स ७७.६ मिलिमीटर रुंद आहे. दहा वर्षांत स्क्रीन १.४ इंचांनी वाढली, पण हाताला लागणारी रुंदी होती तेवढीच राहिली, कारण काचेभोवतीची चौकट गेली. वाढले ते वजन: १७२ ग्रॅमवरून २२७ ग्रॅम. आता सांगा, 'साडेपाच चांगला की सातच्या जवळचा चांगला' या प्रश्नाला अर्थ काय उरला? आम्ही इंचांवर भांडतो, आणि ज्या दोन गोष्टी हाताला कळतात, रुंदी आणि वजन, त्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. कित्येकदा तेवढ्याही नसतात.

तेव्हा इंच बाजूला ठेवून तीन गोष्टींचा वेगवेगळा विचार केला पाहिजे: हात, डोळा आणि काम.

हाताचे पाहू. २०१३ साली स्टीव्हन हूबर नावाच्या अभ्यासकाने रस्त्यांवर, गाड्यांत, उपाहारगृहांत लोक फोन कसा धरतात याच्या १,३३३ नोंदी केल्या. स्क्रीनला हात लावून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक तो एकाच हाताने धरून अंगठ्याने चालवीत होते. त्या वेळचे फोन आजच्याहून लहान होते हे खरे, पण माणसाचा अंगठा काही त्यानंतर वाढलेला नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींपैकी अनेकींचे हात लहान आहेत. त्यांच्यातील एकीने एकदा मोठा फोन हातात घेऊन दाखविला आणि म्हणाली, "गुरुजी, वरच्या कोपऱ्यापर्यंत माझा अंगठा पोहोचतच नाही. मग मी फोन तळहातावर सरकवते, आणि तो पडतो." करंगळीचा आधार खाली देऊन सव्वादोनशे ग्रॅम तासभर पेलणे हा व्यायाम मी तरी कोणा तबला शिकणाऱ्याला सांगणार नाही. बोटे ही त्याची कमाई आहे.

तंबोऱ्याचे उदाहरण इथे मला फार समर्पक वाटते. मिरजेच्या कारागिरांकडे कोणी 'आदर्श लांबीचा तंबोरा द्या' असे म्हणत नाही. पुरुषाचा सूर खालचा, म्हणून तार लांब आणि तंबोरा मोठा. बायकांचा सूर चढा, म्हणून तंबोरा आखूड. गळा पाहून माप ठरते, आणि मग मांडीवर किंवा खांद्याशी तो पेलेल की नाही हेही पाहिले जाते. वडील नव्या विद्यार्थ्याला आधी तंबोरा मांडीवर घ्यावयास सांगत, तार छेडावयास नंतर. लहान तंबोरा हा मोठ्याचा गरीब भाऊ आहे, असे कोणी मानीत नाही. तो वेगळ्या गळ्यासाठी केलेला पूर्ण तंबोरा असतो. फोनच्या बाजारात मात्र लहान म्हणजे स्वस्त, लहान म्हणजे कमी ताकदीचा कॅमेरा, लहान म्हणजे दुय्यम, असा संकेत पडून गेला आहे. लहान हाताच्या माणसाने उत्तम वस्तू मागितली की त्याला सांगावयाचे, 'मोठा घ्या.' हा न्याय नव्हे.

पण हाताचीच बाजू धरून बसलो तर डोळ्यावर अन्याय होईल. आजोबांचा पक्ष मला मनापासून समजतो. चाळिशी मलाही लागली आहे, वयाची आणि डोळ्यांवरचीही. एका घरी या विषयावर बोलणे निघाले तेव्हा घरातील वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, अहो हात काय, कसाही धरेल. अक्षर दिसलं पाहिजे!" या बोलण्यात आपल्या सर्वांचे एक दुखणे आहे. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी. मराठी पुस्तक, मराठी मासिक, मराठी दैनिक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच अशी खात्री इथे देता येत नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. आज अनेक घरांत ते फिरते वाचनालय म्हणजे हा फोनच आहे. ज्या आजींना मराठी वाचावयास दुसरे साधन नाही, त्यांना 'लहान फोन सुबक दिसतो' असे सांगणे म्हणजे थट्टा होईल.

आणि आपली लिपी काही रोमन लिपीसारखी एका पट्टीत बसणारी नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; खाली उकार; मध्ये जोडाक्षरे. 'दृष्टी' हा एवढासा शब्द, पण त्याचा ऋकार आणि त्याचा ष्ट बारीक अक्षरांत एकमेकांत मिसळून जातात. इंग्रजी मजकूर ज्या आकारात सुखाने वाचता येतो, त्याच आकारात मराठी वाचताना डोळे बारीक करावे लागतात. म्हणून मराठी वाचणाऱ्याने अक्षर एक पायरी मोठेच करावे. ही सोय आजच्या सर्व स्मार्टफोनांत सेटिंगमध्ये असते, आणि आश्चर्य असे की ज्यांना तिची गरज आहे त्यांना ती कोणी दाखवून दिलेली नसते. अक्षर मोठे करण्यासाठी फोन मोठा करावाच लागतो असे नाही. ओळीत चार शब्द कमी बसतील, बोट थोडे अधिक फिरवावे लागेल, इतकेच. नातवंडांनी हे पाच मिनिटांचे काम आधी करावे आणि मगच नव्या फोनची गोष्ट काढावी. तेवढ्यानेही भागत नसेल, तर आजोबांना मोठा फोन जरूर घ्यावा. मात्र त्याला टेबलावर उभा ठेवणारा स्टँडही घ्यावा. मोठा फोन ही समोर ठेवून वाचावयाची वस्तू आहे, हातात पेलावयाची नव्हे.

आता कामाचे. येथे माझ्या विषयातील एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या अनेक घरांत मुले गाणे शिकतात आणि हा घोटाळा त्यांच्या वह्यांत रोज होत आहे.

त्रितालाच्या सोळा मात्रा. भातखंडे पद्धतीच्या स्वरलेखनात एक आवर्तन सहसा एका आडव्या ओळीत लिहितात: चार-चार मात्रांचे चार विभाग, समेखाली गुणाकाराची खूण, खालीखाली शून्य. ओळ संपली की आवर्तन संपले. डोळ्याला ताल दिसतो, हे या लेखनाचे मोठे बळ. ज्या बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलिपी घडविली, ज्या बडोद्यात १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे स्वरलेखनाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही.

ही ओळ फोनवर आली की काय होते? निरोप म्हणून टंकून पाठविली, तर स्क्रीनची रुंदी जिथे संपते तिथे ओळ मोडते. कोणाकडे अकराव्या मात्रेवर, कोणाकडे तेराव्या. अक्षरे कमी-अधिक रुंदीची असल्यामुळे वरचे स्वर आणि खालचे बोल एकमेकांखाली राहत नाहीत ते वेगळेच. मध्यलयीची बंदिश खालीपासून, नवव्या मात्रेपासून उठावयाची. विद्यार्थी ती दुसऱ्या ओळीच्या आरंभापासून उचलतो, आणि ती ओळ सुरू झालेली असते बाराव्या मात्रेपासून. मग सम कुठे यावयाची? महिनाभर चुकीची घटवलेली बंदिश दुरुस्त करावयास तीन महिने लागतात, हे कोणताही शिक्षक सांगेल.

"मग मोठा फोन घेतला की झालं!" असे विद्यार्थी म्हणतात. हिशेब करू. ६.१ इंची उभट स्क्रीन सुमारे ६५ मिलिमीटर रुंद. सोळा मात्रा बसवावयाच्या तर एका मात्रेला चार मिलिमीटर. ६.९ इंची स्क्रीन सुमारे ७३ मिलिमीटर रुंद. एका मात्रेला साडेचार. म्हणजे बरेच अधिक पैसे मोजून पदरात पडला तो मात्रेमागे अर्धा मिलिमीटर! त्याऐवजी तोच ६.१ इंची फोन आडवा धरला, तर रुंदी मिळते १४० मिलिमीटर, एका मात्रेला पावणेनऊ. घरात नेहमी वापरतो त्या ए-फोर कागदावर समास सोडून मात्रेला दहाएक मिलिमीटर मिळतात. लहान फोन आडवा केला की कागदाच्या जवळ पोहोचतो; मोठा फोन उभा धरला की दूरच राहतो. पान पाठवावयाचे तर ते छायाचित्र म्हणून किंवा पीडीएफ करून पाठवावे आणि फोन आडवा करून पाहावे. टंकूनच पाठवावयाचे असेल तर एका ओळीत एकच विभाग लिहावा. त्रितालाच्या चार ओळी, चार-चार मात्रांच्या. झपतालाच्या चार ओळी, दोन-तीन-दोन-तीन मात्रांच्या. मग स्क्रीन कितीही इंचांची असो, सम जागच्या जागी राहते.

गाताना फोन पेटीवर ठेवून वाचावयाचा असेल तर गोष्ट आणखी वेगळी. हातातला फोन डोळ्यांपासून फूट-सव्वा फुटावर असतो; पेटीवरचा दोन-अडीच फुटांवर. अंतर दुप्पट, म्हणजे अक्षरही दुप्पट हवे. एवढा फरक कोणताही फोन भरून काढू शकत नाही. तिथे दहा इंचांची टॅबलेट हवी, किंवा त्याहून सोपे म्हणजे छापलेला कागद. आणि फोनमधला तंबोरा वाजवावयाचा असेल, तर त्याला स्क्रीन कशाला हवी? तो सुरू करून फोन पालथा ठेवावा, हेच उत्तम.

एक आक्षेप मला मान्य केला पाहिजे. लोक म्हणतील, लहान फोन कंपन्यांनी काढून पाहिले. गिऱ्हाईक आले नाही. मग बाजाराला दोष का देता? हे खरे आहे. मिनी पुरेशी खपली असती तर ती बंद झाली नसती. ज्या घरात दूरदर्शन, संगणक, पुस्तक आणि बँक या सर्वांचे काम एकाच फोनवर चालते, ते घर मोठ्याच स्क्रीनकडे झुकणार. त्यांत नावे ठेवण्यासारखे काही नाही. पण कमी खप म्हणजे गरज नाही, असे होत नाही. डावखुऱ्यांसाठी कात्र्या कमीच खपतात; म्हणून त्या करणे बंद करावे असे कोणी म्हणत नाही. शिवाय लोक मोठा फोन निवडतात तो पुष्कळदा दुकानात काचेवरचे रंगीत चित्र पाहून, दोन मिनिटांत. हातात तो राहावयाचा असतो चार वर्षे. २०१९ पासून घडी घालता येणारे फोनही निघाले आहेत, मिटला की खिशात, उघडला की सात-आठ इंच. पण त्यांची किंमत आपल्यासारख्या घरांना परवडणारी नाही, तेव्हा त्यांना या वादाचा निकाल म्हणता येत नाही.

म्हणून माझा निकाल असा. एकाच माणसाने हातात वागवावयाचा फोन असेल तर इंच विचारूच नयेत. रुंदी आणि वजन विचारावे. मध्यम हाताला सुमारे ७२ मिलिमीटर रुंदी आणि १७०-१८० ग्रॅम वजन ही मर्यादा मला योग्य वाटते. आजच्या फोनांत ती सव्वासहा इंचांच्या आसपास येते. लहान हाताला ६५ मिलिमीटर हवी, आणि तशी वस्तू आज बाजारात जवळजवळ नाही, ही गोष्ट आपण ग्राहक म्हणून बोलून दाखविली पाहिजे. घरातील वृद्धांच्या वाचनासाठी मोठा फोन, स्टँडसह. गाण्याच्या नोटेशनसाठी कागद किंवा टॅबलेट. आणि सारे घर मिळून एकच फोन घेणार असेल, तर ज्याच्या हातात तो सर्वांत अधिक वेळ राहावयाचा, त्याच्या हाताचे मत आधी घ्यावे. इतरांनी अक्षर मोठे करून घ्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी एक सोपी गोष्ट करता येईल. फोनची लांबी-रुंदी कंपनीच्या माहितीत मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तेवढा पुठ्ठा कापावा, त्याला मागे रुपयाची काही नाणी चिकटवून वजन आणावे, आणि घरातील ज्या बाईसाठी किंवा मुलीसाठी फोन घ्यावयाचा तिच्या हाती तो दिवसभर द्यावा. अंगठा वरच्या कोपऱ्याला पोहोचतो का, मनगट दुखते का, पर्समध्ये बसतो का, हे ती संध्याकाळपर्यंत सांगेल. तिने 'नको' म्हटले, तर दुकानदाराचे, नातवाचे आणि जाहिरातीचे सांगणे बाजूला ठेवून दुसरा पुठ्ठा कापावा.